जंताची गोळी दिली, तरी जंत परत का येतात? आणि हार्टवर्मचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोन महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू आहे, वजन साडेतीन किलो. शिवाय तीन वर्षांची, बाहेर हिंडणारी मांजर. पिल्लाला जंताचं औषध एकदा दिलं, शेवयांसारखे लांब जंत पडले, आणि पंधरा-वीस दिवसांत शीमध्ये पुन्हा दिसले. डॉक्टर म्हणतात मोठेपणी दर तीन महिन्यांनी औषध पुरेल, तर अमेरिकेतला भाऊ सांगतो की त्याच्या कुत्र्याला हार्टवर्मची, म्हणजे डासातून येणाऱ्या, फुफ्फुसाच्या धमन्यांत राहणाऱ्या जंताची, गोळी दर महिन्याला ठरलेलीच. औषध बोगस होतं का, आणि दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

औषध बोगस नव्हतं. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या जंतांबद्दल बोलताहेत. आधी एक गैरसमज काढून टाकू. जंताची गोळी म्हणजे लस नव्हे. ती आज आतड्यात जे आहेत त्यांना मारते आणि दिवसा-दोन दिवसांत अंगाबाहेर जाते, उद्या पोटात गेलेल्या अंड्यावर तिचा काही इलाज नाही. म्हणून कुठल्या कंपनीची गोळी यापेक्षा ती कुठल्या तारखेला दिली याला जास्त महत्त्व आहे, आणि ती तारीख त्या-त्या जंताची वाढ किती दिवसांत होते यावरून ठरते.

तुम्ही पाहिले ते शेवयांसारखे जंत म्हणजे गोलकृमी, टॉक्सोकॅरा. पिल्लू ते बहुधा आईच्या पोटातूनच घेऊन येतं. कुत्रीच्या स्नायूंमध्ये या जंताच्या अळ्या वर्षानुवर्षं झोपून असतात, तिथे त्यांना साधी गोळी पोहोचत नाही. कुत्री गाभण राहिली की साधारण ४२व्या दिवसापासून त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांच्या यकृतात शिरतात. जन्मल्यावर तिथून फुफ्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळल्या की आतड्यात. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं होतं तेव्हा त्याच्या शीतून अंडी पडायला लागलेली असतात. तुम्ही गोळी दिलीत त्या दिवशी आतड्यातले मेले. यकृतात आणि फुफ्फुसात वाटेवर असलेले वाचले आणि पुढच्या दोन आठवड्यांत आतड्यात उतरले. तुम्हाला दुसऱ्यांदा दिसले ते हेच.

म्हणूनच पिल्लांचं वेळापत्रक दाट असतं. दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून २, ४, ६ आणि ८ आठवडे, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा. मांजरीच्या पिल्लांना जंत वारेतून येत नाहीत, दुधातून येतात, म्हणून त्यांचं थोडं उशिरा: ३, ५, ७, ९ आठवडे, पुढे तसंच. तुमच्या पिल्लाचे आधीचे डोस हुकलेत, त्याला आता इलाज नाही. आज एक द्या, दोन आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर दर महिन्याला. आई जवळ असेल तर तिलाही पिल्लांच्या बरोबरीनेच द्यायचं. ती पिल्लांची शी चाटून साफ करते आणि तेच जंत पुन्हा स्वतःच्या पोटात घेते.

मात्रा वजनावर ठरते. वयावरही नाही आणि अंदाजावर तर नाहीच. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पिल्लू कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करा. अगदी लहान पिल्लाला स्वयंपाकघरातला काटा आणि एक पातेलं पुरतं. दर वेळी नव्याने वजन करायचं, कारण या वयात दोन-तीन आठवड्यांत मात्रा कमी पडायला लागते, आणि कमी मात्रा हे औषध ‘लागू न पडण्याचं’ सगळ्यात साधं कारण आहे.

लेबल वाचताना एक गोष्ट गोंधळात टाकते. पायरँटेल हे गोलकृमीवरचं नेहमीचं औषध. त्याची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम, पण बाटलीवर ते बहुतेकदा ‘पायरँटेल एम्बोनेट’ किंवा ‘पामोएट’ या क्षाराच्या वजनात लिहिलेलं असतं, आणि ५ मिलिग्रॅम पायरँटेल म्हणजे १४.४ मिलिग्रॅम एम्बोनेट. पिल्लांच्या पातळ औषधात एका मिलिलिटरला १४.४ मिलिग्रॅम एम्बोनेट आणि १५ मिलिग्रॅम फेबँटेल असेल, तर किलोमागे १ मिलि. तुमच्या पिल्लाला साडेतीन. कुत्र्यांच्या नेहमीच्या तीन औषधी गोळीत ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, १४४ एम्बोनेट आणि १५० फेबँटेल असतं. ती गोळी १० किलोला एक, म्हणजे ३ ते ५ किलोला अर्धी. पाव तुकडे करत बसू नका, ते सारखे पडत नाहीत, आणि या औषधांत मात्रा जरा वर गेली तर चालते. उपाशी ठेवायची गरज नाही. पिल्लाचं पोट टम्म आणि कडक असेल, उलट्या होत असतील, तर मात्र घरी औषध देऊ नका. मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो, अशा पिल्लाला आधी डॉक्टरांनी तपासायला हवं.

काय देऊ नये हेही सांगतो, कारण मेडिकलमध्ये मागितलं की मिळतं. माणसांच्या अल्बेंडॅझोलच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना नकोत. त्याने अस्थिमज्जा दबून रक्तपेशी घटल्याची उदाहरणं आहेत, आणि तितकंच काम करणारं, जास्त सुरक्षित फेनबेंडॅझोल उपलब्ध असताना ती जोखीम घ्यायचं कारण नाही. लसूण तर दोघांनाही वाईट, मांजरीला जास्त: लाल रक्तपेशी फुटतात. वावडिंग, कडुनिंब, कारल्याचा रस यांची कुत्र्यासाठी ठरलेली मात्रा कुणाकडे नाही. जनावर फेसाळून ओकतं, एखादा जंत ओकारीत पडतो, आणि लोकांना वाटतं औषध लागू पडलं.

आता हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. गोलकृमी डोळ्यांना दिसतो म्हणून घाबरवतो. पिल्लं मारतो तो हा, आणि हा शीत सहसा दिसतच नाही. जेमतेम दीड सेंटिमीटरचा. आतड्याला दात लावून बसतो आणि एकेक जंत दिवसाला सुमारे ०.१ मिलिलिटर रक्त खातो. हिशेब करून बघा: अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं साधारण ४० मिलिलिटर. शंभर जंत असले तर दिवसाला १० मिलि गेलं. तो आईच्या दुधातून येतो, त्यामुळे दहा-बारा दिवसांची पिल्लं एकेक करून गळायला लागतात, आणि तेव्हा शी तपासली तर अंडं सापडत नाही, कारण जंत अजून अंडी घालण्याइतके मोठेच झालेले नसतात. अशा वेळी रिपोर्टपेक्षा हिरडी पाहा. ओठ वर करून बघितलं की निरोगी पिल्लाची हिरडी गुलाबी दिसते. ती कागदासारखी पांढरी असेल आणि शी डांबरासारखी काळी, चिकट असेल, तर गोळी देऊन वाट पाहू नका. त्या पिल्लाला कदाचित रक्तच चढवावं लागेल.

मोठ्या कुत्र्यात हुकवर्मची आणखी एक खोड. आतड्यातले मेले की स्नायूंमधल्या झोपलेल्या अळ्या रिकाम्या जागेवर उतरतात, आणि महिन्याभरात शीत पुन्हा अंडी. दोन-दोन आठवड्यांनी दोन-तीनदा औषध दिलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं. पावसाळ्यात हे जास्त, कारण ओल्या, उबदार मातीत अंड्यापासून चामडीतून शिरणारी अळी व्हायला आठवडाही लागत नाही.

गाभण कुत्रीचं नियोजन आधीपासून करता आलं तर पिल्लांचं निम्मं काम हलकं होतं. फेनबेंडॅझोल किलोमागे २५ मिलिग्रॅम, रोज, गर्भाच्या ४०व्या दिवसापासून विण्यानंतर दोन दिवसांपर्यंत. तीन-साडेतीन आठवडे रोज औषध म्हटल्यावर बहुतेक जण कंटाळतात, पण जिच्या आधीच्या वेतात पिल्लं पांढरी पडून गेली, तिच्यासाठी तरी हे कराच.

पट्टकृमीची ओळख म्हणजे गुदद्वाराशी किंवा झोपायच्या गोणपाटावर दिसणारे तांदळाच्या कणीएवढे तुकडे. ताजे असले तर हलतात, वाळले की तिळासारखे होतात. हा डिपिलिडियम पिसवांतून येतो: पिसूची अळी त्याची अंडी खाते, ती पिसू मोठी होते, कुत्रा किंवा मांजर अंग चावताना ती गिळतं, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कण्या. प्राझिक्वांटेल किलोमागे ५ मिलिग्रॅम हा त्यावरचा इलाज, आणि तो बिनचूक आहे; पायरँटेलने पट्टकृमीला काही होत नाही. पण पिसवा तशाच ठेवून दर महिन्याला प्राझिक्वांटेल देणं म्हणजे भोक न बुजवता होडीतलं पाणी उपसणं. घरातल्या प्रत्येक जनावराला एकाच वेळी पिसवांचं औषध, सलग तीन महिने तरी, आणि अंथरूण गरम पाण्यात. पिसवांचे कोष फटीत, गादीखाली आठवडेच्या आठवडे टिकतात, म्हणून पहिल्या महिन्यानंतर पुन्हा पिसू दिसली तर निराश व्हायचं कारण नाही.

इथे मांजरीसाठी एक इशारा, तो जंतांपेक्षाही महत्त्वाचा. कुत्र्यांच्या काही पिसवा-गोचिडांच्या थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजरीला ते विष आहे: थरथर, झटके, मृत्यू. कुत्र्याचं औषध ‘थोडंसं’ मांजरीला लावायचं नाही, आणि तसं औषध लावलेल्या कुत्र्याला चिकटून मांजर झोपत असेल तर ते औषधच बदला.

दुसऱ्या एका पट्टकृमीबद्दल मी जास्त कडक आहे. इकायनोकॉकस. लांबी काही मिलिमीटर, शीत दिसत नाही, कुत्र्याला त्रास नाही. पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात, हायडॅटिड, आणि त्यावर ऑपरेशनपर्यंत वेळ येते. कुत्र्याला हा मिळतो शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या फुफ्फुस-कलेजीतून, त्यामुळे धनगरांच्या कळपाबरोबर असणारे कुत्रे, खाटकाच्या दुकानाबाहेरचे कुत्रे आणि घरी हौसेने कच्ची छाट खाणारे पाळीव, हे तिघं एकाच रांगेत येतात. छाट द्यायचीच असेल तर तुकडे करून आतपर्यंत शिजवून द्या. जिथे थांबवता येत नाही तिथे प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी, कारण जंताला अंडी घालण्याइतकं वाढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तीन महिन्यांचा नियम या कुत्र्यांना लागू नाही.

व्हिपवर्म, म्हणजे चाबूककृमी, याबद्दल थोडक्यात. जुनाट, आवेने भरलेले जुलाब असतील तर त्याची शंका घ्या. नुसत्या पायरँटेलने तो हलत नाही, फेनबेंडॅझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम तीन दिवस लागतं. अंड्यापासून पुन्हा अंडी घालेपर्यंत त्याला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून तोच तीन दिवसांचा डोस तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी परत.

तुमच्या मांजरीकडे येऊ. उंदीर, चिमण्या, झुरळं खाणाऱ्या मांजरीला गोलकृमी आणि उंदरातून येणारा टीनिया पट्टकृमी दोन्ही मिळत राहतात, त्यामुळे तिला पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल एकत्र असलेली मांजरांचीच गोळी दर तीन महिन्यांनी, आणि शिकार रोजची असेल तर त्याहून लवकर. नेहमीची गोळी, म्हणजे २० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि २३० मिलिग्रॅम पायरँटेल एम्बोनेट, चार किलोला एक. प्राझिक्वांटेल कडूजहर. गोळी जिभेवर विरघळली की मांजर तोंडाला फेस आणते आणि घरचे घाबरतात. ते विष नव्हे, चव आहे. गोळीला बोटभर तूप किंवा लोणी चोळा, जिभेच्या अगदी मागे ठेवा, तोंड मिटवून गळ्यावरून हात फिरवा, आणि लगेच सिरिंजने चार-पाच मिलि पाणी पाजा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून बसते. तेही जमत नसेल तर मानेवर लावायचे थेंब आहेत. ते कवटीच्या तळाशी, केस दुभंगून, कातडीवर पडले पाहिजेत. केसांवर ओघळलेलं औषध चाटण्यात जातं.

मोठ्या कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने, वर्षातून चारदा, हे ठीक आहे. याला पर्याय शी तपासून घेण्याचा आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो. त्यासाठी अक्रोडाएवढी ताजी शी स्वच्छ डबीत, त्याच दिवशी द्यायची. थांबावंच लागलं तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांची शी एकत्र केली तर रिपोर्टवर जास्त भरवसा ठेवता येतो. काचेवर नुसती शी पसरून बघण्यापेक्षा मिठाच्या किंवा साखरेच्या घट्ट द्रावणात सेंट्रिफ्यूज करून अंडी वर तरंगवतात ती पद्धत मागा. डिपिलिडियमची अंडी मात्र तुकड्याच्या आत बंद असतात, ती यात सहसा सापडत नाहीत. तिथे तुमचे डोळेच कामाचे. कुत्रा दुसऱ्यांची शी खात असेल तर त्या दुसऱ्याची अंडी याच्या रिपोर्टमध्ये येऊ शकतात. दोन-तीन दिवस त्याला तोंड घालू न देता पुन्हा तपासा.

घरात लहान मुलं असतील तर औषधाइतकंच शी उचलण्याला महत्त्व आहे. टॉक्सोकॅराचं अंडं ताज्या शीतून लगेच लागत नाही, त्यात अळी तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे रोज उचललं तर धोका तिथेच संपतो. न उचललेली अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. फिनाइल, ब्लीच यांना ती दाद देत नाहीत, उकळतं पाणी आणि कडक ऊन यांना देतात. मुलाच्या पोटात गेलेली अळी यकृतात, क्वचित डोळ्यात जाऊन बसते आणि दृष्टी बिघडवते. हुकवर्मची अळी तर कोकण-गोव्याच्या वाळूत अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यात शिरून कातडीखाली लाल, खाजरी, नागमोडी रेघ काढत फिरते. कुत्र्याला वाळूत नेलंत तर पिशवीही न्या.

आता हार्टवर्म. हा आतड्यातला नाहीच, डायरोफिलारिया इमिटिस, आणि तो शीतून नाही तर डासातून येतो. डास चावताना अळी कातडीत सोडतो. ती पहिले दीड-दोन महिने कातडीखाली, स्नायूंत वाढते, मग रक्तात शिरून फुफ्फुसाच्या धमन्यांत पोहोचते. तिथे मादी जंत २५ ते ३० सेंटिमीटरचा होतो आणि पाच ते सात वर्षं जगतो. खोकला, लवकर दम लागणं, बारीक होत जाणं, शेवटी पोटात पाणी. ही लक्षणं दिसतात तोवर धमन्यांचं नुकसान झालेलं असतं.

महिन्याची गोळी डासाला किंवा मोठ्या जंताला मारत नाही. ती गेल्या ३० दिवसांत शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते. अळी ५०-५५ दिवसांच्या पुढे गेली की ही मात्रा तिला पुरेशी पडत नाही. भावाच्या ‘दर महिन्याला’चं कारण इतकंच. अमेरिकेत हार्टवर्म पन्नासही राज्यांत सापडतो, त्यामुळे तिथे बारा महिने औषध आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी ही शिस्त योग्यच आहे.

भारतात चित्र सगळीकडे सारखं नाही. ईशान्येकडे, आसाम-मिझोरमच्या पट्ट्यात, इमिटिस पक्का मुरलेला आहे. आपल्याकडे रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे अशा जंतांची सूक्ष्म पिल्लं, सापडली तरी ती पुष्कळदा डायरोफिलारिया रेपेन्सची असते, जो हृदयात न जाता कातडीखाली राहतो, किंवा पिसवांतून येणाऱ्या निरुपद्रवी अकँथोकायलोनेमाची. म्हणून ‘मायक्रोफायलेरिया पॉझिटिव्ह’ एवढ्या रिपोर्टवर हार्टवर्म समजून घाबरू नका, अँटिजेन चाचणी मागा. ती चाचणी मोठी मादी जंत ओळखते, त्यामुळे डास चावल्यानंतर सहा-सात महिन्यांच्या आत निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही. महाराष्ट्रातल्या घरगुती कुत्र्याचं बजेट मोजकं असेल तर मी आधी पिसवांवर आणि आतड्यातल्या जंतांवर खर्च करायला सांगेन. कुत्रा ईशान्येकडून आला असेल किंवा तिकडे जाणार असेल, तर महिन्याचं औषध हवंच. आणि पिसवांसाठी सेलामेक्टिन (किलोमागे ६ मिलिग्रॅम) किंवा इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिनचे थेंब दर महिन्याला लावत असाल, तर हार्टवर्मची राखण त्यातच होते, वेगळी गोळी लागत नाही.

औषध सुरू करण्याआधी सहा-सात महिन्यांवरच्या कुत्र्याचं रक्त तपासायचं. रक्तात भरपूर मायक्रोफायलेरिया असताना, विशेषतः मिल्बेमायसिन (हार्टवर्म टाळण्याचं एक औषध) दिलं, तर त्या एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो. तुमच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला ही अट नाही.

आयव्हरमेक्टिन हे हार्टवर्म टाळण्याचं औषध गुरांच्या इंजेक्शनात आणि माणसांच्या गोळीतही मिळतं, म्हणून त्याचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घाला. हार्टवर्म टाळायला कुत्र्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम असतात. ६० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.००६ मिलि, कुठल्याच सिरिंजवर न मोजता येणारा थेंबाचा अंश. ‘फक्त पॉइंट वन’ दिलं तर ती १,००० मायक्रोग्रॅम झाली, सोळापटीहून जास्त, आणि कोली जातीच्या किंवा त्या रक्ताच्या कुत्र्यांमध्ये, ज्यांचा औषधाला मेंदूत शिरू न देणारा अडसर जन्मतःच कमकुवत असू शकतो, तेवढ्यात विषबाधा सुरू होते: लडखडणं, दिसेनासं होणं, बेशुद्धी. माणसांच्या ६ मिलिग्रॅमच्या गोळीचंही तसंच. त्याच कुत्र्याला तिचा शंभरावा भाग लागेल. तो कोण मोजणार? या कामासाठी कुत्र्यांचीच तयार गोळी घ्या.

मांजरीत हार्टवर्म कमी वेळा होतो आणि जंत एक-दोनच असतात, पण तेवढेही पुरतात. दम्यासारखा खोकला, उलट्या, कधी काहीच लक्षण नसताना अचानक मृत्यू. मोठे जंत मारणारं मेलार्सोमिन मांजरीला देता येत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत टाळणं हाच इलाज. कुत्र्यात इलाज आहे, पण लांबचा: डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चार आठवडे, मग महिनाभर थांबून मेलार्सोमिनची तीन इंजेक्शनं, आणि या सगळ्या काळात कुत्रा बांधून, अगदी शांत ठेवायचा, कारण मेलेल्या जंताचा तुकडा फुफ्फुसात अडकून जीव जाऊ शकतो. आपल्याकडे मेलार्सोमिन सहजासहजी मिळत नाही, मग मॉक्सिडेक्टिन आणि डॉक्सिसायक्लिनवर महिनोन्‌महिने काढावे लागतात.

महिन्याचा डोस चुकला तर आठवण येईल त्या दिवशी द्या आणि तिथून नवी तारीख मोजा. दोन डोस एकदम देऊन भरपाई होत नाही. दोन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर रक्त आत्ता तपासा, औषध सुरू करा आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा तपासा.